पिम्स कप घरी कसं बनवायचं आणि कसं द्यायचं?
एक भाग पिम्स नंबर वन (जिनवर बेतलेलं मद्य) आणि तीन भाग लेमोनेड, हे पिम्स कपचं नेहमीचं प्रमाण; कंपनीही तेच सांगते. उंच ग्लास बर्फाने काठोकाठ भरा, 50 मिली पिम्सवर 150 मिली गार लेमोनेड ओता आणि एकदाच हलकेच ढवळा, नाहीतर गॅस निघून जातो. मग स्ट्रॉबेरी, संत्र्याची फोड, तळहातावर चोळलेला पुदिना आणि काकडीच्या चकत्या. काकडी मात्र वगळू नकाच. या गोडसर, मसालेदार मद्याला तिचा गारवा हवाच. विम्बल्डन टेनिस स्पर्धेलाही हेच पितात. फक्त ब्रिटिश लेमोनेड म्हणजे आपलं लिंबू सरबत नव्हे, लिंबाच्या चवीचं पारदर्शक, फसफसणारं पेय, स्प्राइट चालेल.