इट्राकोनाझोलची पातळी कमी आली? आधी पित्ताची गोळी बघा

ताई, टीबी बरा झाल्यावर बाबांच्या फुप्फुसात अ‍ॅस्परजिलस बुरशी निघाली, इट्राकोनाझोल (बुरशीवरचं औषध) २०० मिग्रॅ सकाळ-संध्याकाळ चालू होऊन तीन आठवडे झाले आणि रक्तातली पातळी ०.२ (मिग्रॅ/लिटर) आली. डॉक्टरांकडे डोस वाढवून मागू का, असं विचारलंय तुम्ही. एवढ्यात नको.

माझ्या सासऱ्यांची पहिली पातळी अशीच तळाला होती. गोळ्यांचा डबा घेऊन बसलो तेव्हा उलगडा झाला: उठल्याउठल्या पॅन्टोप्राझोल, म्हणजे आम्ल कमी करणारी पित्ताची गोळी, आणि मग चहा-मारीबरोबर ही कॅप्सूल. साधी कॅप्सूल पोटातल्या आम्लात विरघळते. आम्लच मारून टाकलं, तर आतले दाणे न विरघळताच पुढे सरकतात. (आपल्याकडे पॅन्टोप्राझोल नसलेली चिठ्ठी दाखवा आणि बक्षीस मिळवा!) डॉक्टरांनी ते बंद केलं, कॅप्सूल पोटभर जेवणावर घ्यायला सांगितली, आणि दोन आठवड्यांनी त्याच डोसवर पातळी १.१ आली. पित्ताची गोळी सोडवतच नसेल तर काही डॉक्टर कॅप्सूल कोलाबरोबर घ्यायला सांगतात, तेही आम्लासाठीच. सासऱ्यांना साखर, त्यामुळे आम्ही त्या वाटेला गेलो नाही.

बाबांचं रिफॅम्पिसिन (टीबीचं औषध) नक्की थांबलंय ना? ते चालू असेल किंवा नुकतंच बंद झालं असेल, तर लिव्हर इट्राकोनाझोल इतक्या झपाट्याने मोडते की पातळी उभीच राहत नाही.

कंपनीही बदलू नका. केमिस्ट "तेच आहे हो" म्हणतो, पण दाण्यांचा दर्जा सगळीकडे सारखा नसतो.

बदल केल्यावर दोन आठवडे थांबून, पुढच्या डोसच्या आधी रक्त द्या, आणि त्याच लॅबमध्ये. एचपीएलसीने (रक्तातलं औषध वेगळं काढून मोजायची पद्धत) मोजलं तर साधारण ०.५ ते १ च्या वर हवी. बायोअसेने (रक्त बुरशीला किती रोखतं यावरून मोजायची पद्धत) तेच रक्त कितीतरी पट जास्त आकडा दाखवतं, म्हणून रिपोर्टवर पद्धत वाचा. पातळी फार चढली तरी त्रासच: पाय सुजणं, बीपी वाढणं, धाप लागणं. यातलं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर तीही डॉक्टरांना दाखवा, सिमव्हास्टॅटिन याच्याबरोबर चालत नाही.

शेजारच्या पेशंटचं ऐकून उपाशीपोटी देऊ नका. तो बहुतेक व्होरिकोनाझोल या बुरशीवरच्या दुसऱ्या औषधावर असेल, त्याचं गणित उलटं.

बाबा कॅप्सूल नेमकी कशावर घेतात, ते कळवा.