खास सुतारी हत्यारांच्या दुकानातला माल खरंच चांगला आहे की नुसता देखणा, हे कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: फक्त सुतारकामाची हत्यारं विकणारं एक दुकान आहे, त्याच्या स्वतःच्या नावाचा सहा पटाश्यांचा संच, एक जॅक रंधा (मध्यम लांबीचा, नेहमीच्या कामाचा), एक गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) आणि बारीक दातांची एक करवत तुम्हाला घ्यायची आहे. फोटो सुरेख आहेत, किंमत साध्या हार्डवेअरच्या दुकानापेक्षा बरीच जास्त आहे, आणि जास्तीचे पैसे पोलादाला जातायत की पॉलिशला, हे तुम्हाला कळत नाहीये.

बरीच वर्षं हाताच्या हत्यारांनी काम करतोय. नवं हत्यार हातात आलं की मी एकच गोष्ट बघतो: यातला दोष माझ्या हातून निघण्यासारखा आहे का? धार नसणं हा दोषच नाही, ती आपणच लावायची असते. मूठ टोचत असेल तर तासता येते. पटाशीची पाठ, म्हणजे उताराच्या उलटी सपाट बाजू, किंचित खोलगट असेल तर उलट काम सोपं होतं. पण पोलादाला पाणी नीट दिलेलं नसेल, म्हणजे तापवून थंड करून ते कडक केलेलं नसेल, रंध्याचा तळ पिळवटलेला असेल किंवा पातं बसायची जागा खडबडीत राहिली असेल, तर घरी बसून त्याचं काही करता येत नाही. जास्तीचे पैसे द्यायचे ते हा दुसऱ्या जातीचा दोष नसावा म्हणून.

दुकानाचं नाव कोरलंय याचा अर्थ दुकानाने ते घडवलंय असा नसतो. बहुतेक वेळा कारखाना दुसऱ्याचा असतो, आणि त्याच कारखान्यातून निघालेला तसाच दिसणारा रंधा आणखी दोन-तीन नावांनी विकला जातो. फरक पडतो तो दुकानाने कारखान्याला किती बारीक टॉलरन्स (मापात चालणारा फरक) लिहून दिला आणि आलेल्या मालातले किती नग परत पाठवले यात. हे डब्यावर कुठेच लिहिलेलं नसतं, हत्यारावरून वाचावं लागतं.

पटाशीपासून सुरुवात करतो, कारण फसवणूक सगळ्यात सहज तिथे होते.

मी घेतलेल्या पहिल्या महागड्या संचाची पाठ आरशासारखी चमकत होती. मला ते फार आवडलं होतं. धार लावायला बसलो तेव्हा सहज खिडकीच्या गजाचं प्रतिबिंब त्या पाठीत दिसलं. मुठीकडून गज अगदी सरळ येत होता आणि टोकाच्या शेवटच्या तीन-चार मिलिमीटरमध्ये एकदम खाली वळत होता. चकाकी आणण्यासाठी बफच्या चाकावर धरताना पाठीची कड गोल होऊन गेली होती. पाठ आणि उतार (धारेकडची तिरकी घासलेली बाजू) जिथे मिळतात ती रेघ म्हणजे धार. तिथेच पाठ गोल असेल तर पटाशी लाकडावर सपाट टेकवली तरी धार अधांतरी राहते. कापायला मूठ उचलावी लागते, आणि मूठ उचलली की पटाशी नको तिथे घुसते. २४ मिलिमीटरची ती एक पटाशी १००० नंबरच्या वॉटरस्टोनवर (पाणी टाकून वापरायचा धारेचा दगड) सरळ करण्यात माझी पूर्ण संध्याकाळ गेली. तेव्हापासून चकाकी दिसली की मी आधी सरळ रेघेचं प्रतिबिंब बघतो. खिडकीची चौकट, ट्यूबलाइट, काहीही चालतं. ज्या पटाशीच्या पाठीवर ग्राइंडिंगच्या बारीक, एकसारख्या, मंद रेघा दिसतात ती दिसायला साधी असते, पण बहुधा सपाट असते.

संपूर्ण पाठ सपाट असायची गरज नाही. धारेलगतचे २५-३० मिलिमीटर सपाट असले की पुरे. खोलगटपणा चालतो, जपानी पटाशीच्या पाठीला तर तो मुद्दाम देतात. फुगवटा मात्र नको. काचेवर ठेवून टोक आणि मुठीकडची बाजू आळीपाळीने हलकेच दाबा. पटाशी डुलली तर पाठ फुगलेली आहे.

मग कडा बघा. डव्हटेल सांध्याच्या (पारव्याच्या शेपटीसारख्या तिरक्या दातांचा सांधा) कोपऱ्यात शिरायचं असेल तर पटाशीच्या दोन्ही बाजू धारेलगत जवळजवळ शून्यापर्यंत उतरलेल्या हव्यात. स्वस्त पटाशीत तिथे दीड-दोन मिलिमीटरची उभी भिंत सोडलेली असते, कारण तेवढं ग्राइंडिंग वाचतं. ही भिंत फोटोत दिसत नाही. दुकानाला बाजूने काढलेला फोटो मागा. मुठीत लाकडाच्या रेषा लांबीला समांतर आहेत का आणि पातं मुठीच्या सरळ रेषेत आहे का, तेही त्याच फोटोत दिसतं. हातोड्याने ठोकायची असेल तर मुठीच्या डोक्यावर लोखंडी कडी हवी.

आता पोलाद. वर्णनात नुसतं "उत्तम पोलाद" किंवा "क्रोम व्हॅनेडियम" लिहिलं असेल तर त्यातून फारसं काही कळत नाही. क्रोम व्हॅनेडियम हे अनेक पोलादांच्या कुळाचं नाव आहे, नट आवळायचे पानेसुद्धा त्याचेच बनतात. जो दुकानदार माल ओळखतो तो पोलादाचा ग्रेड आणि रॉकवेल सी मापातली कठिणता दोन्ही सांगतो. नेहमीच्या पटाशीला ५८ ते ६२ हा ठीक पट्टा आहे. जपानी पटाश्या ६३ ते ६५ पर्यंत जातात, कारण त्यांत कडक पोलादाचा पातळ थर मऊ लोखंडावर जोडलेला असतो आणि ठोके ते मऊ लोखंड झेलतं. ग्रेडपैकी ओ१ पोलाद तेलात थंड केलं जातं, त्याला बारीक धार पटकन येते. ए२ हवेत थंड होतं, त्यात सुमारे ५ टक्के क्रोमियम असतं, धार जास्त वेळ टिकते पण दगडावर वेळही जास्त घेते, आणि २५ अंशांच्या कोनावर कडेचे बारीक तुकडे उडू शकतात. ए२ ला मी ३० अंशांच्या खाली नेत नाही. साग जास्त कापणार असाल तर त्यातली सिलिका धार भराभर खाते, तिथे ए२ चा फायदा जाणवतो. मऊ लाकडात बारीक सांधे करायचे असतील तर मी ओ१ निवडेन.

आकडा खरा आहे की नाही हे कळतं दगडावर. उतार घासताना पाठीमागे बर येते, बोटाला खरखर लागते ती कड. पाणी नीट दिलेल्या पोलादाची बर बारीक असते आणि पुढच्या बारीक दगडावर दोन-चार फेऱ्यांत निघून जाते. मऊ राहिलेल्या पोलादाची बर तारेसारखी लांब येते, इकडून घासली की तिकडे वळते, तिकडून घासली की इकडे, आणि सुटता सुटत नाही. याउलट पोलाद फार कडक आणि ठिसूळ असेल तर धार लावल्या लावल्या भिंगातून कडेला बारीक खाचा दिसतात.

इथे एक घाई करू नका. नव्या पटाशीची धार पहिल्याच दिवशी वळली किंवा भुरभुरली म्हणून ती लगेच वाईट ठरवू नका. कारखान्यात ग्राइंडिंग आणि बफिंग होताना टोकाचा पातळ भाग जास्त तापतो आणि तिथलं पाणी उतरतं. पाणी दिल्यावर पोलाद साधारण २०० अंश सेल्सिअसच्या आसपास पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा काढलेला असतो. ग्राइंडिंगमध्ये टोक त्याच्या बरंच वर गेलं की ते मऊ पडतं. निळा डाग दिसला म्हणजे ते ३०० च्या आसपास पोचलं होतं, पण तो डाग नंतरच्या पॉलिशमध्ये निघूनही जातो. मी त्याच संचातली एक पटाशी टाकून देणार होतो. तीन-चार वेळा धार लावून टोकाचे दोनेक मिलिमीटर गेले आणि खालून निघालेलं पोलाद इतकं चांगलं निघालं की आज बारीक कामाला मी तीच उचलतो. तीन-चार धारांनंतरही तीच रड असेल तर मात्र तो पोलादाचाच दोष, परत करा. आणि संचातली प्रत्येक पटाशी वेगळी तपासा. सहातली एक बिघडलेली निघणं अगदी शक्य आहे.

रंध्याबाबत. लेनर्ड बेलीची पेटंटं स्टॅन्ले कंपनीने १८६९ साली विकत घेतली आणि आजही बहुतेक बिडाचे रंधे त्याच रचनेवर किंवा तिच्या सुधारित रूपावर चालतात. पेटंट कधीच संपलंय, नक्कल कुणीही करू शकतो. म्हणून "अमक्याच्या धर्तीचा" या शब्दांना किंमत देऊ नका. नक्कल करताना वाचवलं जातं ते बिडाचे ताण निघेपर्यंत थांबणं आणि शेवटचं ग्राइंडिंग.

तळ तपासताना पातं आत घ्या पण काढू नका, आणि वरचा क्लॅम्प नेहमीइतका घट्ट ठेवा, कारण त्या ताणाने अंगाचा आकार किंचित बदलतो. जाड सपाट काचेवर पॉलिश पेपर चिकटवा, तळावर मार्करने आडव्या रेघा मारा आणि चार-पाच फेऱ्या घासा. पुढचं टोक, तोंडाच्या (पातं जिथून बाहेर येतं त्या फटीच्या) अगदी पुढची कड आणि मागचं टोक इथल्या रेघा पुसल्या गेल्या तर रंधा चांगला आहे, मधे कुठे शाई राहिली तरी हरकत नाही. तोंडापुढची कड वर राहिली असेल तर रंधा लाकूड दाबून धरणार नाही आणि तंतू उपटले जातील. थोडं असेल तर घासून निघतं. पण तिरके समोरासमोरचे दोन कोपरेच तेवढे घासले गेले असतील तर अंग पिळवटलेलं आहे, आणि त्यावर वेळ घालवू नका.

नंतर पातं काढून बैठकीवर बोट फिरवा. रंगाचे थेंब किंवा ओतकामाचे खडे लागले तर पातं थरथरणार. चिपब्रेकर (पात्यावर बसणारी, ढलपी मोडणारी पट्टी) पात्यावर कसून उजेडाकडे धरा, मधे उजेडाची फट दिसली तर तिथे ढलप्या अडकणार. ती फट दगडावर दहा मिनिटांत जाते, म्हणून तिच्यासाठी मी रंधा परत करणार नाही. खोली बदलायची पितळी फिरकी थोडी मोकळी फिरते, ते जवळपास प्रत्येक रंध्यात असतं, त्याने घाबरू नका.

गुण्याला दुकानाच्या शब्दाची गरजच नाही. सरळ कडेच्या फळीला टेकवून धारदार सुरीने रेघ मारा, गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी मारा. दोन्ही रेघा एक झाल्या पाहिजेत. फाकल्या तर दिसतो तो फरक चुकीच्या दुप्पट असतो. आतला कोन वेगळा तपासावा लागतो. दुकान डीआयएन ८७५ चा (गुण्यांच्या अचूकतेचं जर्मन मानक) वर्ग सांगत असेल तर ते काहीतरी मोजून विकतायत असं समजा.

करवतीच्या दातांची टोकं निळसर-काळी असतील तर ती विजेच्या झटक्याने कडक केलेली आहेत. ती खूप टिकतात, पण कानशीने पुन्हा धार लागत नाही. हे वाईट नाही, फक्त आयुष्यभराची करवत म्हणून तिचे पैसे देऊ नका. पातं हलकं वाकवून सोडा, ते सरळ परत आलं पाहिजे.

दुकानाला लिहून विचारा: पोलाद कोणतं, कठिणता किती ते किती, पाठीच्या सपाटपणाची हमी काय, आणि एकदा धार लावल्यावर दोष निघाला तर परत घेता का? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण पोलादाचा दोष धार लावल्याशिवाय कळतच नाही. "वापरलेला माल परत घेत नाही" एवढंच उत्तर आलं तर मी तिथून पटाशी घेणार नाही, गुण्या आणि करवत घेईन. माल आला की आधी मोजमाप आणि फोटो, दगड त्यानंतर.

तुमच्या जागी मी असतो तर संच न मागवता त्याच मालिकेतली १८ किंवा २० मिलिमीटरची एकच पटाशी आधी मागवली असती. तिला ३० अंशांवर नीट धार लावा आणि पाइनच्या तुकड्याचं आडवं टोक, जिथे तंतूंची तोंडं दिसतात ते, हाताच्या जोराने पातळ सोलून काढा. हे काम कडक लाकडापेक्षा अवघड आहे, कारण मऊ तंतू कमी धारेपुढे कापले न जाता दबतात आणि पांढुरके, चुरगळलेले दिसतात. धार असेल तर तोच भाग मेण लावल्यासारखा गुळगुळीत आणि गडद दिसतो, वर्षागणिक पडलेल्या वलयांच्या रेघा स्वच्छ उमटतात. त्यानंतर त्याच पटाशीने एक खाच ठोकून काढा आणि पुन्हा तसंच एक टोक सोला. दुसऱ्या वेळीही चमक राहिली तर उरलेल्या पाच मागवा. पाइन नसेल तर दुसरं कुठलंही मऊ लाकूड चालेल, फक्त ते पूर्ण वाळलेलं असू द्या.