शोध लावायचेत, पण शिकायचं काय?

प्रश्न : आम्ही बार्शीला राहतो. मुलगी अकरावी सायन्सला आहे. महिला दिनाला तिने कॉलेजात स्त्री-संशोधकांवर भाषण केलं, तेव्हापासून ‘मला शोधच लावायचेत’ म्हणून हटून बसली आहे. आजीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर थेंब बरोबर डोळ्यात पडावेत म्हणून तिने एका टोपणाचा छोटा टेकू केला. तिचे बाबा त्याचा व्हिडिओ सगळ्यांना पाठवायचं म्हणतात. कॉम्प्युटर इंजिनीअरिंग कर, असंही सांगतात. तिला केमिस्ट्री आवडते. यासाठी एखादा कोर्स असतो का? टेकूचं पेटंट घ्यावं का? मी स्वतः केमिस्ट्रीत एम.एस्सी. केलं, पण मुलगी झाल्यावर नोकरी सोडली, त्यामुळे आताचं काही ठाऊक नाही.

उत्तर : ताई, आजीचा थरथरणारा हात घरात सगळ्यांनीच पाहिला असेल. त्यावर काहीतरी करावं असं तिला एकटीला वाटलं, याचं मला फार कौतुक वाटतं.

शोध लावण्याचा असा कोर्स मात्र नसतो. मोतीबिंदूचंच घ्या. पॅट्रिशिया बाथ आधी डोळ्यांच्या डॉक्टर झाल्या, मग लेसरने मोतीबिंदू काढण्याचं उपकरण त्यांनी बनवलं. त्याचं अमेरिकेतलं पेटंट १९८८ चं. पुण्याच्या मीनल दाखवे भोसले विषाणूशास्त्रात मुरलेल्या होत्या, म्हणून २०२० मध्ये, बाळंतपण तोंडावर आलेलं असताना, करोना चाचणीचं किट त्यांच्या गटाला सुमारे दीड महिन्यात तयार करता आलं. आधी एखादा विषय हाडीमासी मुरावा लागतो.

केमिस्ट्री आवडणाऱ्या मुलीला स्टेफनी क्वोलेकची गोष्ट जरूर सांगा. तिला खरं तर मेडिकलला जायचं होतं. फीचे पैसे साठावेत म्हणून १९४६ मध्ये तिने ड्यूपॉन्ट कंपनीत नोकरी धरली आणि ती तिथेच रमली. १९६५ च्या सुमारास टायरसाठी हलका, मजबूत धागा शोधताना तिच्या हाती एक पातळ, गढूळ द्रावण आलं. नेहमीची द्रावणं घट्ट आणि स्वच्छ असत. यंत्राची भोकं बुजतील म्हणून धागा काढणारा माणूस ते घ्यायला तयार नव्हता. तिने पिच्छा सोडला नाही. निघालेला धागा म्हणजे केवलार, त्याच वजनाच्या पोलादापेक्षा पाचपट मजबूत. अनेक बुलेटप्रूफ जॅकेटमध्ये तोच असतो. दुसऱ्या कुणी ते द्रावण ओतून दिलं असतं. आपलं द्रावण नेहमीपेक्षा वेगळं का, हा प्रश्न तिला पडला, कारण नेहमीचं कसं असतं ते तिला पुरतं माहीत होतं.

म्हणून मुलीला केमिस्ट्रीच करू द्या, हे माझं स्पष्ट मत. फक्त गणित सोडू देऊ नका. मुंबईच्या आयसीटी या रसायन तंत्रज्ञान संस्थेमध्ये केमिकल इंजिनीअरिंग, पॉलिमर, औषधनिर्माण असे अभ्यासक्रम आहेत, प्रवेश सीईटी आणि जेईईतून. मूलभूत विज्ञानाकडे ओढा असेल तर पुण्याचं आयसर, म्हणजे विज्ञान शिक्षण व संशोधनाची केंद्राची संस्था. तिथला बीएस-एमएस हा पदवी आणि पदव्युत्तर एकत्र असलेला अभ्यासक्रम पाच वर्षांचा आणि त्यासाठी आयएटी ही वेगळी परीक्षा. प्रोग्रॅमिंग तिने जोडीला शिकावं, म्हणजे बाबांचंही म्हणणं राहील.

आता पेटंट. मार्गारेट नाइट लहानपणी अमेरिकेतल्या कापडगिरणीत कामाला होती. मागावरून सुटलेला धोटा (आडवा धागा इकडून तिकडे नेणारं साधन) लागून एकजण जखमी झालेला तिने पाहिला आणि बाराव्या वर्षी धोटा अडवणारी युक्ती काढली. सोलापूरकडच्या माणसाला धोटा म्हणजे काय ते सांगायला नको! पुढे कागदी पिशवीला सपाट बूड करणारं यंत्र तिने बनवलं. लोखंडी नमुना तयार होत असताना चार्ल्स अ‍ॅनन नावाच्या माणसाने तो पाहिला आणि पेटंटसाठी स्वतःच्या नावाने अर्ज केला. नाइट लढली. तिने आपली रेखाटनं, टिपणं, साक्षीदार पुढे केले आणि १८७१ मध्ये पेटंट तिला मिळालं. मुलीला आजच एक जाड वही द्या. प्रत्येक प्रयोग, फसलेला सुद्धा, तारखेसह तिने स्वतःच्या अक्षरात लिहावा.

टेकूच्या पेटंटमागे मात्र लगेच धावू नका. डोळ्यात थेंब घालायला मदत करणारी साधनं आधीपासून आहेत. गुगल पेटंट्सवर आणि भारतीय पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतं. तिने ते पाहावं आणि आपलं वेगळं काय ते लिहून काढावं. खरंच वेगळं निघालं, तर अर्ज होईपर्यंत व्हिडिओ थांबवा, कारण आधीच जगजाहीर झालेल्या गोष्टीला पेटंट मिळणं अवघड होतं. तात्पुरता मसुदा देऊन तारीख धरता येते, पूर्ण मसुद्याला त्यानंतर १२ महिने मिळतात. अर्जदारांत स्त्री असेल तर तपासणी लवकर व्हावी अशी मागणी करण्याची सोय २०१९ पासून आहे.

आणि तुमच्या पत्रातली शेवटची ओळ. नोकरीत खंड पडलेल्या, विज्ञान शिकलेल्या स्त्रियांसाठी केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची ‘वाईज-आयपीआर’ योजना आहे. पेटंटच्या कामाचं वर्षभराचं प्रत्यक्ष प्रशिक्षण, विद्यावेतनासह. वयाची अट आणि तारखा जाहिरातीत पाहा. पेटंट एजंटची, म्हणजे इतरांचे पेटंट-अर्ज करून देणाऱ्याची, परीक्षाही तुम्ही विज्ञान पदवीवर देऊ शकता. टेकूची पेटंट-शोधाशोध मुलीबरोबर तुम्हीच करा ना. ते काम आवडलं तर मला पुन्हा लिहा, त्या वेळी तुमच्याबद्दल.