नोझल दुपारीच का तुंबतं?

प्रश्न : मॅडम, वाळूजला आमचा छोटा कारखाना आहे. वायपर मोटरच्या बॉडीत मॅग्नेट चिकटवतो. आधी कार्ट्रिज गनने हाताने एपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर मिसळल्यावर घट्ट होणारा गोंद) लावायचो. जानेवारीत हे दोन भाग ठरल्या प्रमाणात सोडणारं दोन टाक्यांचं मीटरिंग मशीन आणि तीन अक्षांचा रोबो बसवला. ट्रायल छान झाली. एप्रिलपासून मात्र चहाच्या सुट्टीनंतर नोझल तुंबतं, दुपारी तर लाइन चालू असतानाही. शिवाय कडेला आलेला गोंद दुसऱ्या दिवशीही नखाने दबतो. मशीनवाले गोंदाला नावं ठेवतात, गोंदवाले मशीनला. ऐकायचं कोणाचं? सोबत गोंदाची डेटाशीट (ऑर्डरसोबत मशीनवाल्यालाही हीच दिली होती) आणि मशीनच्या सेटिंगचा कागद जोडला आहे.

उत्तर : कोणाचंच नको, तुमच्याच कागदांचं ऐका. तुम्ही पाठवलेल्या दोन पानांत दोन्ही तक्रारींची उत्तरं आहेत, फक्त ती पानं एकमेकांशेजारी ठेवून कोणी वाचलेली दिसत नाहीत.

आधी तुंबण्याचं पाहू. तुमचा शॉट (एका जॉबवर पडणारा गोंद) १.२ मिली, सायकल (एका जॉबचा वेळ) ४० सेकंद. म्हणजे मिनिटाला १.८ मिली मटेरिअल खर्च होतं. मिक्सर, म्हणजे दोन्ही भाग मिसळणारी नोझलची नळी, बसवलाय ६ मिलीचा. मागून आलेला थेंब टोकातून बाहेर पडायला ३ मिनिटं २० सेकंद लागणार. डेटाशीटवर पॉट लाइफ, म्हणजे मिसळल्यावर गोंद वापरण्याजोगा राहतो तो वेळ, ५ मिनिटं लिहिलंय, पण शेजारी बारीक अक्षरात २५ अंश सेल्सिअसही लिहिलंय. तापमान दहा अंशांनी वाढलं की पॉट लाइफ साधारण निम्मं होतं. एप्रिलात पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी ४० अंश धरा : ५ मिनिटांची जेमतेम पावणेदोन उरतात. मटेरिअल नोझलमध्येच घट्ट व्हायला लागतं. जानेवारीतही तुम्ही काठावरच होतात, थंडीने सांभाळून घेतलं इतकंच.

पॉट लाइफचा आकडा बहुतेकदा १०० ग्रॅमच्या गोळ्यावर मोजलेला असतो. मोठा गोळा स्वतःच्या उष्णतेने लवकर घट्ट होतो, बारीक नळीतलं मटेरिअल थोडं जास्त टिकतं. म्हणून त्या आकड्यावर विसंबू नका. भर दुपारी मिक्सर भरा, एक मिनिट थांबून शॉट मारा, मग दीड, मग दोन, आणि प्रेशर गेज कधी चढायला लागतं ते बघा. जो वेळ निघेल त्याच्या निम्म्यावर पीएलसीत (मशीनच्या कंट्रोलरमध्ये) ऑटो पर्ज लावा, म्हणजे मिक्सरमधलं जुनं मटेरिअल आपोआप बाहेर टाकलं जाईल.

मिक्सर लहान करा. तेवढेच एलिमेंट (नळीतले पिळाचे तुकडे) असलेला, पण कमी व्यासाचा, २ मिलीच्या आसपासचा. मिसळणं ठरतं एलिमेंटच्या संख्येवर : पोळीच्या घडीसारखा प्रत्येक एलिमेंट थर दुप्पट करतो, दहा एलिमेंटना १०२४ थर, विसांना दहा लाखांच्या वर. त्यामुळे एलिमेंट कमी करून नळी आखूड करण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. बारीक मिक्सरने प्रेशर वाढेल, ते पंपाला झेपतंय ना हे आधी तपासा. फायदा पर्जमध्येही आहे. आत्ता एका पर्जला ६ मिली, म्हणजे पाच जॉबचं मटेरिअल वाया जातं. ते बादलीत साठवू नका बरं का, ढीग तापून धूर येतो. सपाट ट्रेमध्ये पातळ पसरू द्या.

चहाच्या सुट्टीत मिक्सर काढून मशीनच्या तोंडाला टोपी लावायची. टोपीची रेझिनची बाजू रेझिनवरच बसली पाहिजे. उलटी लागली तर तोंडाशी दोन्ही मटेरिअल भेटतात आणि मग छिन्नी शोधत बसावं लागतं. ऑपरेटरला हे एकदा सांगून भागत नाही, टोपीवर आणि तोंडावर रंगाची खूण करा.

आता मऊ गोंदाचं. डेटाशीट म्हणतं १०० ला ५०, वजनाने. मशीनवाल्याने पंप लावलेत २ ला १, आकारमानाने. ऐकायला सारखंच, पण तुमच्या रेझिनमध्ये फिलर (जड भुकटी) आहे, घनता १.५. हार्डनरची १. म्हणजे आत्ता वजनाने १०० ला ३३च पडतंय, हार्डनर एक तृतीयांश कमी. हवं होतं आकारमानाने ४ ला ३. जानेवारीतही हा गोंद मऊच असणार, ट्रायलच्या कौतुकात नख लावून कोणी पाहिलं नसेल. पंपांना वेगवेगळ्या मोटरी असतील तर हे सेटिंगवर सुटेल. एकाच दांड्यावरचे दोन पिस्टन असतील तर एक सिलिंडर बदलावा लागेल, आणि तो खर्च कोणी सोसायचा यावर वाद होईल. तुमच्या जागी असते तर मी डेटाशीट पुढे करून मशीनवाल्यालाच बोलावलं असतं, कारण ऑर्डरसोबत हाच कागद त्याला दिला होतात असं तुम्ही लिहिलंय.

बदल केल्यावर मिक्सर काढा, दोन्ही धारा वेगळ्या पडतील असं चेक नोझल लावा, दोन कप धरा आणि ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर वजन करा. हे रोज सकाळी पहिल्या जॉबआधी करायचं. सोमवारी तर नक्कीच, कारण सुट्टीत फिलर तळाशी बसतो. टाकीतला ढवळणारा पंखा रविवारी बंद ठेवता का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बंद ठेवत असाल तर सोमवारी आधी ढवळून मगच वजन करा.

प्रश्न : नाशिकला अंबडमध्ये एलईडी ड्रायव्हर (दिव्याला वीज पुरवणारं सर्किट) पॉलियुरेथेनने भरतो. पावसाळ्यात मटेरिअलला बुडबुडे येतात. व्हॅक्यूम वाढवू का?

उत्तर : व्हॅक्यूमने साठलेली हवा निघते. तुमचा बुडबुडा मिसळल्यानंतर तयार होतोय. पॉलियुरेथेनचे दोन भाग असतात, पॉलिऑल आणि आयसोसायनेट. आयसोसायनेटला पाणी भेटलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो. आयसोसायनेटच्या टाकीत हवा आत येते त्या नळीवर ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची बाटली लावा, रंग बदलला की जेल बदला. जमलं तर टाकीत कोरडा नायट्रोजन द्या. पॉलिऑलचा ड्रम उघडा ठेवू नका, तोही ओल ओढतो. आणि पीसीबी (सर्किटची पाटी) भरण्याआधी ओव्हनमध्ये वाळवता का? जुलैत ते टाळलं तर बाकीचं सगळं करूनही बुडबुडे राहतील.