पट्टी कपाटात आहे

सोलापूर

बाळा, आशीर्वाद.

काल आपल्या शाळेनंतरच्या वर्गात तू पट्टी टेबलावर आपटलीस आणि पोरं एकदम चिडीचूप झाली. तुझ्या तोंडावरचं समाधान मी दारातून पाहिलं, म्हणून लिहिते आहे. राग मानू नकोस, माझी पहिली दोन वर्षं पट्टी आपटण्यातच गेली. पण तू फळ्याकडे वळलास आणि मागच्या ओळीतल्या त्या पोरानं पुन्हा शेजारणीची वही ओढली, ते तुला दिसलं नाही.

त्याच्याविषयीच सांगते. त्याची आई घरी विड्या वळते. पूर्व भागात अशी घरं गल्लोगल्ली आहेत. हजार विड्या भरल्याशिवाय तिचा दिवस संपत नाही. मग शाळेतून आला की हाही सुपाजवळ बसून विड्यांची तोंडं दुमडतो आणि तसाच, काही न खाता, आपल्याकडे येतो. 'पुन्हा खोडी काढलीस तर घरी पाठवीन' असं तू त्याला म्हणालास. घरी म्हणजे कुठे? परत त्या सुपाजवळच ना? जी शिक्षा आपल्याला करायचीच नाही, तिची धमकी देऊ नये. पोरं दोन दिवसांत ओळखतात.

मी आधी चिरमुरे आणि फुटाण्यांचा डबा उघडते. मग दहा मिनिटं टाळ्यांवर पाढे, उभ्यानंच. वह्या त्यानंतर. निम्मा दंगा तिथेच विरतो. उरलेल्यासाठी लांबून ओरडू नकोस. जवळ जा, उकिडवा बस, नाव घेऊन हळू बोल. 'वही ओढू नको' म्हणण्यापेक्षा 'ही खडूची पेटी तिकडे दे' म्हण, हाताला काम मिळतं. त्याच्या घरी तेलुगू बोलतात. मी 'कूर्चो' म्हणते, म्हणजे 'बस'. माझ्या उच्चाराला सगळी खदखदून हसतात, आणि हसत हसत बसतात. 'काय बे' म्हणाला तर उर्मट समजू नकोस, सोलापुरात ते सलगीनंही म्हणतात.

त्याची आई न्यायला आली की दारातच गाऱ्हाणं सांगू नकोस, रात्री पाठीत धपाटे बसतील. आधी त्याचं एखादं चांगलं सांग. सातचा पाढा त्याला येतो, ते सांग.

मारणं, कान पिळणं, 'ढ' म्हणणं अजिबात नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही मना केलं आहे. आपला वर्ग शाळा नसला तरी मी तोच नियम धरते. अंगावर वळ दिसले किंवा कुणी काही भलतंच सांगितलं, तर 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नकोस. त्याच दिवशी मला सांग. 1098 हा मुलांच्या मदतीचा नंबरही जवळ ठेव.

आणि जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या, म्हणजे जत्रेच्या, दिवसांत शिस्तीचं नावच काढू नकोस. पाळण्याच्या तिकिटांवर बेरजा घाल. मी तेवढंच करते.

उद्या पाचला ये, डबा तूच उघड. पट्टी मी कपाटात ठेवली आहे. भूमितीच्या दिवशी माग.

तुझी,
ताई