गाडी वळवताना पुढून खाडकन आवाज येतो. स्टिअरिंग रॅक बदलावा का?

तुम्ही लिहिलंय की छोटी पेट्रोल हॅचबॅक आहे, सोसायटीच्या गेटातून वळताना पुढच्या डाव्या बाजूने खाडकन आवाज येतो आणि गॅरेजवाल्याने गाडी खालून न बघताच रॅक (स्टिअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत पोचवणारा भाग) बदलायला सांगितलंय. एवढ्यात त्याला हो म्हणू नका. रॅक खराब होतच नाही असं नाही, पण माझ्या यादीत तो सगळ्यात शेवटी असतो आणि खर्चात सगळ्यात वर.

मी गॅरेजमध्येच काम करतो. अशी गाडी आली की पाना उचलण्याआधी मी एकच गोष्ट विचारतो: आवाज नेमका कधी येतो? हे नीट सांगता आलं की अर्धं काम झालं. त्याआधी चाकाचे नट तपासा. नुकतंच पंक्चर काढलं असेल तर हमखास. नट सैल राहिला तरी वळताना अस्साच आवाज येतो आणि ते फार धोक्याचं आहे.

आता गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन चालू, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. कुणाला तरी स्टिअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला सांगा. उभ्या गाडीतच आवाज आला, तर शंका शॉकअपच्या वरच्या माउंटिंगवर, म्हणजे तो बॉडीला जिथे बसतो त्या भागावर घ्या. त्यात एक बेअरिंग असतं. पावसाचं पाणी आणि धूळ जाऊन ते जाम झालं की स्टिअरिंगबरोबर स्प्रिंग मोकळी फिरत नाही, पीळ खात राहते आणि मग एकदम सुटते. मागच्या पावसाळ्यात आमच्याकडे एक गाडी आली होती, मालकाने दोन्ही एक्सल (इंजिनची ताकद चाकांपर्यंत नेणारे दांडे) आधीच बदलून घेतलेले, तरी आवाज तसाच. मी स्प्रिंगच्या बाहेरच्या बाजूला नुसता तळहात टेकवला. स्टिअरिंग अर्धं फिरेपर्यंत काही नाही, मग हाताला स्पष्ट झटका बसला आणि त्याच क्षणी टण् झालं. आधीचा सगळा खर्च वाया गेला होता, याचं मला खरंच वाईट वाटलं. तुम्ही हे करून बघाल तेव्हा स्प्रिंगच्या वेटोळ्यांत बोटं मात्र घालू नका. आणि माउंटिंग घरी उघडायला जाऊ नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होतो.

उभ्या गाडीत आवाज नसेल तर मोकळ्या मैदानात जा. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा आणि हलका ॲक्सिलरेटर देत गोल फिरवा. कट-कट-कट असा चाकाच्या वेगाबरोबर वाढणारा आवाज आला, तर बाहेरचा सीव्ही जॉइंट, म्हणजे एक्सलच्या चाकाकडच्या टोकाचा सांधा गेलाय. बहुतेक वेळा डावीकडे वळताना उजवा बोलतो आणि उजवीकडे वळताना डावा. खाली वाकून त्या सांध्यावरचा रबरी बूट, म्हणजे त्याचं आवरण बघा. तो फाटला असेल तर रिमच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं दिसेल. बूट फाटलाय पण आवाज अजून नाही, अशा वेळी जॉइंट धुऊन, नवं ग्रीस आणि नवा बूट घालून भागतं. आवाज सुरू झाल्यावर नुसता बूट बदलण्यात अर्थ नाही, जॉइंट किंवा अख्खा एक्सल बदलावा लागतो. एक्सल काढला की गिअर ऑइल सांडतं. ते परत भरलं का, हे विचारून घ्या.

तुम्ही 'खाडकन, एकदाच' म्हणताय, त्यामुळे मला जास्त संशय लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या लोखंडी हाताचा) रबरी बुश आणि त्याच्या चाकाकडच्या टोकाचा सांधा, म्हणजे बॉल जॉइंट, यांचा येतो. असा आवाज बहुधा वळता वळता ब्रेक लावला किंवा गेटजवळच्या खड्ड्यात चाक गेलं की येतो. पुढची बाजू जॅकवर उचला, खाली घोडी (गाडी पेलणारा स्टँड) लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीच जाऊ नका. चाक वर-खाली धरून हलवा. हललं तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग. डावी-उजवीकडून धरून हललं तर टाय रॉड एंड (रॅकपासून चाकाला वळवणाऱ्या दांड्याचं टोक), आणि तोही घट्ट असेल तरच रॅककडे वळा. आर्मला पहारीने हलकेच रेटा, बुश फाटला असेल तर रबराची भेग उघडताना दिसते. बॉल जॉइंटमध्ये स्पष्ट प्ले (ढिलेपणा) सापडला तर गाडी चालवत नेऊ नका, टो करून न्या. तो निसटला तर चाक आडवं पडतं.

आवाज सरळ जातानाही बारीक खड्ड्यांवर खट-खट येत असेल, तर स्टॅबिलायझरची (वळताना गाडी कलू न देणाऱ्या दांड्याची) लिंक रॉड बघा. ती स्वस्त असते, कामही थोड्या वेळाचं.

बुश बदलताना एका गोष्टीवर बारीक लक्ष ठेवा. आर्मचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उतरवून, तिचं वजन पडल्यावर. हवेत लटकलेल्या गाडीत आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि नवा बुशही लवकर फाटतो. घाईत हे सर्रास राहून जातं, म्हणून तिथे उभं राहून करून घ्या. टाय रॉड किंवा आर्मला हात लागला असेल तर शेवटी व्हील अलाइनमेंटही करा.

गाडी कोणती, किती किलोमीटर झालीय आणि उभ्या गाडीत आवाज येतो का, एवढं खाली लिहा. मग कुठला पार्ट ते मी जास्त नेमकं सांगू शकेन.