अठ्ठावीस तारखेच्या आत

प्रश्न : कर्वेनगरला आमचा स्वतःचा बंगला आहे. वरच्या मजल्यावर साडेतीन वर्षांपासून एक अफगाण कुटुंब भाड्यानं राहतं. तो २०१९ मध्ये शिकायला पुण्यात आला. बायको २०२१ च्या सुरुवातीला आली. मुलगी इथेच झाली, ती मला आजी म्हणते. त्याचे वडील काबूलला सरकारी वकील होते, त्यामुळे परत जाता येत नाही असं तो सांगतो. व्हिसा येत्या २८ तारखेला संपतोय, पासपोर्टचीही मुदत संपत आली आहे. मुदतवाढीचा अर्ज भरायला बसला तेव्हा माझ्याकडून 'सी फॉर्म' हवा म्हणाला. तो काय असतो हे मला माहीतच नव्हतं. एजंट म्हणतो, नवा करार करून 'कालच राहायला आले' असं दाखवू. शेजारी म्हणतात, आधी घर रिकामं करून घ्या, नाहीतर तुम्हीच आत जाल. एक ओळखीचे म्हणाले, सरकारनं अफगाणांना आता माफी दिली आहे. मी काय करू?

उत्तर : तुमचं पत्र ९ तारखेला रात्री वाचलं आणि हे उत्तर त्याच रात्री तुम्हाला पाठवलं. इथे देते आहे ते बाकीच्यांसाठी. कोंढवा, विमाननगर, बाणेर, कुठून ना कुठून असं पत्र येतच असतं. कुणाचा भाडेकरू येमेनचा असतो, कुणाचा सुदानचा, आणि घरमालकाची चूक सगळीकडे हीच.

तुमचे बहुतेक प्रश्न २८ तारखेनंतरचे आहेत. आज एवढंच बघायचं : व्हिसा चालू असताना या कुटुंबाचा अर्ज ई-एफआरआरओवर, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर, दाखल होऊन अर्ज क्रमांक हातात पडतो की नाही. २८ च्या रात्रीपर्यंत तो वैध व्हिसावर राहणारा माणूस आहे आणि सरकारकडे काही मागतो आहे. २९ च्या सकाळी तोच माणूस, त्याच खोलीत, मुलीला मांडीवर घेऊन बसलेला असला तरी गुन्हा करत असतो. १ सप्टेंबर २०२५ पासून जुने चार कायदे जाऊन इमिग्रेशन अँड फॉरिनर्स अ‍ॅक्ट, २०२५ लागू झाला आहे. त्याच्या कलम २३ प्रमाणे व्हिसाची मुदत संपल्यावर राहणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, तीन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि शिक्षेपेक्षाही वाईट म्हणजे, त्यानंतर 'मला परत जायची भीती वाटते' हे त्याचं वाक्य आरोपीचा बचाव म्हणून ऐकलं जातं. वाक्य तेच, भीतीही तीच, पण ते आधी बोललं की नंतर, यावर सगळं ठरतं.

हा अर्ज सध्या तुमच्यापाशी अडलेला आहे. त्याच्यापाशी नाही. म्हणून थोडं कडक बोलते, राग मानू नका.

परदेशी माणसाला घरात राहायला ठेवलं की चोवीस तासांच्या आत घरमालकानं सी फॉर्म भरून नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचं असतं. हे नव्या कायद्यानं आणलेलं नाही. परदेशी नागरिकांचा जुना कायदा होता तेव्हाही हेच होतं, आणि नव्या कायद्यात कलम ८ आहे. नियमांत आता त्या फॉर्मला वेगळा क्रमांक मिळाला, पण कचेरीत आणि बाहेर सगळे त्याला सी फॉर्मच म्हणतात. पोलीस चौकीला भाडेकरूची माहिती देणं वेगळं आणि सी फॉर्म वेगळा. तुम्ही दोन्ही केलं नाहीत. करारही नोंदवलेला नाही, असं तुमच्या पत्रावरून दिसतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे, एजंटची नाही. साडेतीन वर्षं दर महिन्याच्या पाच तारखेला भाडं खात्यात येत होतं, तेव्हा हा कागद एकदाही आठवला नाही. तुम्ही मनानं चांगल्या आहात हे पत्रावरून कळतं. पण या माणसाच्या बाबतीत चांगुलपणा म्हणजे वेळेवर भरलेला फॉर्म.

त्यानंही कमी निष्काळजीपणा केलेला नाही. कॉलेज चालू होतं तोवर बोनाफाइड आणि हॉस्टेलच्या जुन्या पत्त्यावर त्याला मुदतवाढ मिळत गेली. पत्ता बदलल्याचं त्यानं कळवलंच नाही. आता कॉलेज संपलं, बोनाफाइड नाही, म्हणून पहिल्यांदाच 'राहता कुठे' हा प्रश्न खरोखर विचारला गेला. बी.एस्सी., मग एम.एस्सी., मग डिप्लोमा : पुण्यात अशी बरीच मुलं आहेत, ज्यांना शिकायची हौस होती म्हणून नव्हे, तर देशात राहायला दुसरा आधार नाही म्हणून एकामागून एक कोर्स करावे लागतात. परदेशी विद्यार्थ्यांची चढी फी भरून ती व्हिसा विकतच घेत असतात. त्यांना कुणी सांगतच नाही की याच काळात आपली खरी अडचण लेखी मांडायला हवी होती.

आता एजंटच्या युक्तीबद्दल. 'कालच राहायला आले' असं मुळीच दाखवू नका. एकतर सरकारी नोंदीत खोटी माहिती दिल्याचा दोष तुमच्यावर येईल. पण खरा तोटा त्या कुटुंबाचा होईल. कालच आले, तर मग साडेतीन वर्षं होते कुठे? हा प्रश्न सुरक्षा तपासणीत विचारला जाणारच, आणि त्याचं उत्तर त्यांच्याकडे नसेल. तुम्ही पत्राला मुलीच्या जन्मदाखल्याची प्रत जोडलीत. महापालिकेच्या त्या दाखल्यावर दोन रकाने आहेत. कायमचा पत्ता : काबूल. जन्माच्या वेळी आई-वडिलांचा पत्ता : तुमचा बंगला, नावासकट. हे कुटुंब लपून राहत नव्हतं, हे सांगणारा त्यांच्याजवळचा सगळ्यात जुना सरकारी कागद हाच. एजंटची खोटी तारीख हा कागद फुकट घालवेल.

तेव्हा खरी तारीख टाका. सोबत एक पानी निवेदन द्या : अमुक तारखेपासून हे कुटुंब माझ्याकडे राहतं, फॉर्म भरायचा असतो हे मला माहीत नव्हतं, उशिराबद्दल दिलगीर आहे, आज स्वतःहून भरते आहे. खाली सही. भाडं बँकेत जमा झाल्याच्या नोंदी, वीजबिल आणि जन्मदाखला जोडा. घरमालक म्हणून पोर्टलवर आधी तुमची स्वतःची नोंदणी करावी लागते. ती अधिकाऱ्यानं मंजूर केल्याशिवाय फॉर्म उघडतच नाही. मंजुरीला दिवस लागतात, आणि लोकांची तारीख हुकते ती इथेच. २५ ला सुरुवात केली तर २८ गाठता येणार नाही. उद्या सकाळी नोंदणी करा आणि दोन दिवसांत मंजुरी आली नाही तर प्रिंट घेऊन पोलीस आयुक्तालयातल्या परकीय नागरिक नोंदणी विभागात जाऊन बसा. नवरा-बायकोचे फॉर्म वेगवेगळे. मुलीकडे पासपोर्ट नाही, तेव्हा तिचा दाखला घेऊन प्रत्यक्षच विचारा. ती पुण्यात जन्मली म्हणून भारतीय होत नाही. डिसेंबर २००४ नंतर जन्मलेल्या मुलाचे आई-वडील दोघंही परदेशी असतील तर जन्मानं नागरिकत्व मिळत नाही.

हे मी एवढ्या घाईनं का सांगते? २०२४ मध्ये एक सुदानी मुलगा माझ्याकडे आला होता. बाकरवडीच्या रिकाम्या डब्यात त्यानं सगळे कागद जपून ठेवलेले. फीच्या पावत्या थर्मल कागदाच्या, शाई उडून कोऱ्या झालेल्या. घरमालकानं फॉर्म भरायला 'पुढच्या आठवड्यात बघू' म्हणत दीड महिना लावला, आणि तेवढ्यात व्हिसा संपला. हातात देश सोडण्याची नोटीस. खार्तूमचा विमानतळ तेव्हा युद्धामुळे बंद होता. जायचं कुठे, हे नोटिशीत नव्हतं. पुढे त्याच्यासाठी जे जे करावं लागलं ते सगळं दीड महिन्यापूर्वी एका फॉर्मनं टळलं असतं.

अर्जात काय लिहायचं, हा पुढचा भाग. इथे मी जपून बोलते, कारण निकालाची हमी कुणीच देऊ शकत नाही. भारतानं १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदाही आपल्याकडे नाही. गृह मंत्रालयाची २०११ ची कार्यपद्धती आहे, २०१९ मध्ये सुधारलेली. वंश, धर्म, लिंग, राष्ट्रीयत्व, सामाजिक गट किंवा राजकीय मत यामुळे छळाची सकारण भीती असेल तर तपासणीनंतर दीर्घ मुदतीच्या व्हिसाची शिफारस होऊ शकते. होऊ शकते, होतेच असं नाही. पण भीती कागदावर आली नसेल तर तपासणार काय? या माणसानं सहा-सात वर्षांत एकाही अर्जात ते लिहिलेलं नाही, कारण दर वेळी तो विद्यार्थी म्हणूनच अर्ज करत होता. वडील कोणत्या कोर्टात होते, १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल तालिबानच्या हाती गेल्यावर त्यांचं काय झालं, घरी कोण येऊन गेलं, हे तारखांसह लिहायला हवं.

बायकोचं निवेदन वेगळं हवं. तिचं कारण नवऱ्याच्या कारणात बुडवू नका. तिथे मुलींची शाळा सहावीनंतर बंद आहे आणि डिसेंबर २०२२ पासून बायकांना विद्यापीठाची दारं बंद आहेत. तिच्या स्वतःच्या शिक्षणाबद्दल आणि मुलीबद्दल तिला जे सांगायचं आहे ते तिच्या तोंडून आलं पाहिजे.

यूएनएचसीआरकडे, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितांच्या कचेरीकडे नोंदणी करावी का? करावी, आणि ती चार वर्षांपूर्वीच करायला हवी होती. कचेरी दिल्लीत आहे. झेलम एक्स्प्रेसनं जाऊन यावं लागेल, लहान मुलीला घेऊन. मात्र त्या कार्डानं व्हिसाची जागा भरून निघत नाही, आणि आपली न्यायालयं त्याला किती वजन देतात हे प्रकरणागणिक बदलतं. म्हणून दिल्ली नंतर, आधी पुण्यातला अर्ज.

पासपोर्टची मुदतही संपत आली आहे, असं तुम्ही लिहिलंय. दिल्लीतली अफगाण वकिलात बंद करत असल्याचं जुन्या राजवटीच्या लोकांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं. मुंबईतल्या अफगाण कचेरीत नोव्हेंबर २०२४ पासून तालिबाननं नेमलेला माणूस बसतो. ज्यांच्या भीतीनं परत जात नाही त्यांच्याच समोर पत्ता, फोटो आणि वडिलांचं नाव लिहून द्यायचं, ही अडचण खरी आहे. शिवाय तिथे पासपोर्ट नवा करून घेतला तर उद्या 'मग भीती कसली?' असंही विचारलं जाऊ शकतं. पासपोर्ट का नवा करता येत नाही हे अर्जातच लिहावं. मुंबईला जायच्या आधी त्यानं मला फोन करावा.

माफीचं ऐकलंत ते अर्धवट आहे. १ सप्टेंबर २०२५ ची सूट अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि बांगलादेशातून ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिश्चन लोकांना आहे. हे कुटुंब मुस्लिम आहे, त्यांना ती लागू नाही. त्यावर विसंबून तारीख घालवू नका.

घर रिकामं करून घेऊ नका. आज बाहेर काढलंत तर पत्ता गेला, पत्ता गेला की अर्ज गेला. तुमच्यावर काय होईल, तर नोटीस येऊ शकते, दंड होऊ शकतो. स्वतःहून कळवलेली चूक आणि तपासणीत सापडलेली चूक यांच्याकडे सारख्या नजरेनं पाहिलं जात नाही, हा माझा अनुभव आहे. याहून ठाम काही सांगणं योग्य नाही.

आणि कोर्ट? व्हिसा चालू असताना केलेला अर्ज फेटाळला गेला तर उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क नागरिक नसलेल्यालाही आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सांगितलं. पण त्याच न्यायालयानं मे २०२५ मध्ये एका श्रीलंकन तमिळ माणसाला हा देश धर्मशाळा नाही असंही सुनावलं. दोन्ही वाक्यं लक्षात ठेवून कोर्टात जायचं असतं. कोल्हापूरला ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आहे, पण पुणे त्यात नाही, त्यामुळे आपल्याला मुंबईच. देश सोडण्याच्या नोटिशीत मोजके दिवस असतात आणि सुनावणीची तारीख त्या दिवसांत पडेलच असं नाही. ज्याला कोर्टावर भिस्त ठेवावी लागते त्याचा उशीर आधीच झालेला असतो.

पोर्टलवर तुमची नोंदणी मंजूर झाली की मला मेल करा. त्याला म्हणावं, तोवर निवेदन दारीमध्येच, म्हणजे आपल्या अफगाण भाषेतच लिही, मनात येईल तसं, इंग्रजीची काळजी नको. भाषांतर करणारं माणूस माझ्या ओळखीचं आहे. बायकोलाही वेगळी वही द्या.